पत्राचं दुसरं पान

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी रेडिओ बोलायचा. गावातल्या प्रत्येक घराच्या खिडकीत एक काळा डबा असायचा आणि त्यातून सगळं गाव एकमेकांशी बोलायचं. कुणाचं विमान आलं, कुणाकडे जास्तीचं रॉकेल आहे, कुणाचा मुलगा जेवायला घरी आला नाही, सगळं त्यावर. आई चहाचं आधण ठेवून त्या डब्यासमोर उभी राहायची, घसा साफ करायची आणि तिच्या नागपुरी वळणाच्या इंग्रजीत सांगायची, "गुड मॉर्निंग. धिस इज टीचर. ॲडल्ट क्लास टुडे, थ्री ओ'क्लॉक. कॉफी इज देअर. प्लीज कम." मग बटण सोडायची. डब्यातून नुसती खरखर यायची. मी पांघरुणातून ओरडायचे, "आई, डोन्ट बेग यार!" ती गॅस बारीक करत म्हणायची, "भीक नाही मागून राहिली. बोलावून राहिली."

बाबांची ट्रॉय या शहरातली नोकरी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मोटारींच्या कारखान्यातून एकामागून एक माणसं कमी होत होती, आपल्या ओळखीतले काका लोक सकाळी टाय लावून बाहेर पडत आणि लायब्ररीत जाऊन बसत. बाबांना शेवटी काम मिळालं ते अलास्कामध्ये, गावोगाव पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बसवण्याचं. आमच्या गावाला रस्ता नव्हता. नदीकाठी पन्नास-साठ घरं, खांबांवर उभी, घराघरांमध्ये फळ्यांची पायवाट, आणि चहूकडे क्षितिजापर्यंत एकही झाड नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फावर चालणारी मोटार, आणि हवा बरी असेल तर चारपाच माणसांचं विमान. ट्रॉयच्या सुनंदा मावशीने आम्हाला निरोप देताना मोहरी, हिंग आणि गोडा मसाला असा डबा भरून दिला आणि रडली. ती आईची सख्खी बहीण नव्हती, पण तिथे सगळ्या मावश्याच होत्या. बाबा बहुतेक दिवस दुसऱ्या गावांत असत. घरात आई आणि मी.

ते घर मला अजून वासांनी आठवतं. रॉकेलच्या शेगडीचा वास, दाराशी वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा वास, कोपऱ्यातल्या बादलीचा वास. संडास म्हणजे ती बादलीच; ती रोज बाहेर नेऊन ओतायचं काम माझं होतं आणि त्याबद्दल मी आईबाबांना बरेच दिवस माफ केलं नव्हतं. ट्रॉयमध्ये असताना आई कांदासुद्धा चतुर्थीला खायची नाही. तिथे पहिल्या हिवाळ्यात भाजी म्हणून डब्यातले टोमॅटो आणि डब्यातले वाटाणे उरले, तेव्हा तिने एक दिवस वाळवलेल्या रावसाचा तुकडा हातात घेतला, बराच वेळ बघत बसली आणि मग त्याची चिंचेऐवजी लिंबाच्या पावडरीतली आमटी केली. स्वतः खाल्ली नाही, मला वाढली. दुसऱ्या आठवड्यात खाल्ली. गावातल्या बायका बेऱ्या, म्हणजे तिथली रानफळं, आणि चरबी फेसून एक गोड करत, त्याची वाटी कुणी आणून दिली की आई ती रिकामी परत करायची नाही. शिरा भरून पाठवायची. हल्ली मी राहते त्या रेडमंडला पावसाची झड लागली की मी शिरा करते आणि नवरा विचारतो की आज काय आहे. काही नसतं.

आई नागपूरला शाळेत शिकवत असे. गावात मोठ्यांना लिहायवाचायला शिकवणाऱ्या वर्गाला शिक्षक टिकत नव्हता. कुणी एक हिवाळा काढायचा, कुणी तेवढाही नाही. आईने अर्ज केला आणि दुसरं कुणीच नसल्यामुळे तिला ते काम मिळालं. वर्ग म्हणजे जुन्या शाळेची मागची खोली, एक शेगडी, सहा टेबलं आणि खोकंभर पुस्तकं. त्या पुस्तकांत सफरचंदाच्या बागा होत्या, लिफ्ट होती, ट्रॅफिक सिग्नल होते. पहिल्या महिन्यात अकरा माणसं आली, दुसऱ्यात सात, दिवाळीपर्यंत तीन उरली. आई त्या तिघांसाठी रात्र पडल्यासारख्या त्या काळ्या दुपारी दोन जोड मोजे घालून जायची. एकदा तर कुणीच आलं नाही आणि ती पाच वाजेपर्यंत बसून राहिली. घरी आली तेव्हा चेहरा राखेसारखा. मी म्हटलं, "लॉक करून यायचं ना." ती म्हणाली, "कुणी उशिरा आलं असतं तर?" त्या हिवाळ्यात मला खात्री होती की माझी आई हरलेली आहे आणि हे तिला सोडून सगळ्या गावाला माहीत आहे.

मग तिने पुस्तकांचं खोकं टेबलाखाली ढकललं. रेडिओच्या डब्यावरून सांगितलं की उद्यापासून पुस्तक नाही. घरात जो कागद असेल, जो वाचता येत नाही, तो घेऊन या. रॉकेलची पावती आली, मासेमारीचा परवाना आला, औषधाच्या बाटलीवरचं लेबल आलं. आई प्रत्येक कागद फळ्यावर मोठ्या अक्षरात उतरवायची आणि त्यातला शब्दन् शब्द सगळ्यांकडून म्हणून घ्यायची. माणसं परत येऊ लागली. मीही तिथेच कोपऱ्यात बसून शाळेचा अभ्यास करायचे, कारण आमच्या घरापेक्षा ती खोली ऊबदार होती.

ॲग्नेस त्या उरलेल्या तिघांतली. पस्तिशीची असेल. रुंद चेहरा, छातीतून शिट्टीसारखा येणारा श्वास. लहानपणी ज्या वयात मुलं शाळेत जातात त्या वयात ती क्षयाच्या इस्पितळात होती, घरापासून शेकडो मैल लांब. परत आली तेव्हा युपिक, तिची स्वतःची भाषा, अर्धी विसरली होती आणि वाचायला शिकली नव्हती. बोलण्यापुरतं इंग्रजी होतं, तुटक. नवरा होडी उलटून गेलेला. एक मुलगी, लूसी, तेव्हा तीन वर्षांची. आम्ही गावात आलो त्याच्या थोडं आधी ॲग्नेसची छाती पुन्हा बिघडली आणि तिला शहरातल्या इस्पितळात बरेच महिने राहावं लागलं. बालकल्याणाच्या सरकारी खात्याने लूसीला तेवढ्यापुरतं शहरातल्या एका कुटुंबात ठेवलं. ॲग्नेस बरी होऊन घरी आली. मुलगी आली नाही. पाठवतील, म्हणाले होते. ॲग्नेस वाट पाहत होती. तिच्या दाराशी लहान बुटांचा एक जोड मांडून ठेवलेला असायचा; येताजाता सगळं गाव तो बघायचं.

आता मला जे लिहायचं आहे ते मी चाळीस वर्षं कुणाला लिहून दाखवलेलं नाही.

इंग्रजी वाचणारी आणि कुणाचीच नातेवाईक नसलेली मुलगी म्हणून गावातले लोक मला कागद दाखवायचे. आपल्या भाच्याला दाखवला तर घरातलं बाहेर जाईल. मला दाखवला तर मी परकी. मला त्याचा गर्व होता. नदी गोठायला लागली होती त्या दिवसांत, एका शनिवारी, मी शाळेच्या जिमकडे पळत होते. शेजारच्या गावाची बास्केटबॉलची टीम आली होती आणि मला पहिल्यांदाच खेळायला मिळणार होतं. फळ्यांच्या वाटेवर ॲग्नेसने मला थांबवलं. कोटाच्या आतून एक लांबट पाकीट काढलं. "विजी," वैजयंती कुणाला म्हणता यायचं नाही, "लूसी?" एवढंच विचारलं.

दोन पानं होती. मी पहिल्या पानाचा पहिला परिच्छेद वाचला. मूल सुरक्षित आहे, तब्येत चांगली आहे, ज्या कुटुंबात आहे तिथे रुळली आहे. जिममधून शिट्टी ऐकू आली. "शी इज फाइन," मी म्हटलं. "लूसी चांगली आहे. तब्येत चांगली आहे. ते तुला कळवताहेत." ॲग्नेसने विचारलं, "दुसरा कागद?" मी दुसऱ्या पानावरून नजर फिरवली. बारीक टाइप, आकडे, कलमं. "ते नुसतं ऑफिसचं असतं," मी म्हटलं. "सेम थिंग." तिने भुवया उंचावल्या. तिथे भुवया उंचावल्या म्हणजे हो. पत्र घडी करून पुन्हा कोटात ठेवलं आणि हसली. मी पळाले. त्या मॅचमध्ये मी चार पॉइंट केले, हे मला आजही आठवतं, याचीच मला शरम वाटते.

फेब्रुवारी संपता संपता ॲग्नेस अडखळत का होईना, ओळ वाचू लागली. एका मंगळवारी ती वर्गात आली ती केस विंचरून, स्वच्छ ब्लाउज घालून. आईने विचारलं, "ॲग्नेस, आज कुठला कागद?" ॲग्नेसने कोटातून ते लांबट पाकीट काढलं. घड्यांवर पत्र फाटत आलं होतं. "छान पत्र," ती म्हणाली. "लूसीचं. मला स्वतः वाचायचं." आई खूश झाली. म्हणाली, "मी फळ्यावर नाही लिहीत. तू वाच. आम्ही ऐकतो."

मी गणिताच्या वहीवरून मान वर केली आणि पाकीट ओळखलं. तरीही मला काही वाटलं नाही. खरंच नाही. मला वाटलं, अरे, ते अजून जपून ठेवलंय हिने.

पहिलं पान वाचायला तिला दहा मिनिटं लागली. लूसी हा शब्द आला तेव्हा तिने त्यावर बोट ठेवलं आणि थांबून सगळ्यांकडे पाहिलं. मग पान उलटलं. "इफ यू... विश... टू..." आई तिच्या मागे जाऊन उभी राहिली, खांद्यावरून कागदाकडे बघत. ॲग्नेसचं बोट ओळीवर सरकत होतं आणि आईची नजर त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. मी आईचा चेहरा बदलताना पाहिला. तिने हात पुढे केला, कागद काढून घ्यावा तसा, आणि मग मागे घेतला. ॲग्नेस एका शब्दावर अडली. "टीचर. टर-मि-नेट. काय आहे?"

शेगडी फुरफुरत होती. आईने खुर्ची ओढली, ॲग्नेसच्या शेजारी बसली आणि अगदी हळू म्हणाली, "टर्मिनेट म्हणजे संपवणं. लिहिलंय की कोर्ट तुझा आईचा हक्क संपवणार आहे. म्हणजे लूसी कायमची त्या कुटुंबाची होणार. तुला हे मान्य नसेल तर वीस दिवसांत कळवायचं होतं."

ॲग्नेसने विचारलं, "वीस दिवस कधी?"

"होऊन गेले," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "ॲग्नेस, हे पत्र आलं तेव्हा कुणी वाचून दाखवलं तुला?"

ॲग्नेसने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. कागदाच्या घड्या हाताने सपाट करत म्हणाली, "कुणी नाही."

वहीत एक समीकरण अर्धं सोडवलेलं होतं, मी त्याकडे बघत राहिले. सतरा वर्षांच्या मुलीला काय कळतं असं मला पुढे बऱ्याच लोकांनी समजावलं आहे. मला सगळं कळलं होतं.

गावात फोन एकच, पंचायतीसारखं जे ऑफिस होतं त्यात. आई ॲग्नेसला हाताला धरून तिथे घेऊन गेली, मी मागे. एका नंबरवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. दर वाक्यानंतर थांबावं लागायचं, कारण आवाज उपग्रहावरून फिरून यायचा आणि आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू यायचं. शेवटी कोर्टातली एक बाई फाइल शोधून म्हणाली की तारीख दोनदा पुढे गेली आहे. न्यायाधीशांची अखेरची सही व्हायची आहे, या शुक्रवारी. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "तीन दिवस आहेत. आपण जायचं. तू स्वतः समोर उभं राहायचं." बाबांना निरोप धाडला; ते दोन गावं पलीकडे अडकले होते.

बुधवारी धावपट्टीवर आम्ही सकाळपासून उभे होतो. धावपट्टी म्हणजे दाबलेला बर्फ आणि दोन्ही बाजूंना पिंपं. आईने ॲग्नेसला स्वतःचा चांगला कोट घातला होता, तो हातांत तोकडा पडत होता. धुकं असं की पिंपंही दिसेनात. दुपारी विमानाचा आवाज आला, अगदी डोक्यावर, दोन घिरट्या घातल्या आणि लांब गेला. गुरुवारी वारा सुटला. उभं राहणं शक्य नव्हतं, तरी ॲग्नेस जाऊन उभी राहिली. आई तिला आणायला गेली आणि दोघी एकमेकींना धरून वाकून परत आल्या. आमच्या घरात ॲग्नेसने चहाचा कप हातात धरला, प्यायली नाही. तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. आई ट्रंकेतून कागद काढून पत्र लिहू लागली, फाडू लागली. एकदा मराठीत स्वतःशीच म्हणाली, "काय करू मी? काय करू, सांगा ना कुणी." मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ॲग्नेसने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

ती मला का वाचवत होती हे मला आजही नीट समजत नाही. मूल तिचं जात होतं.

कोर्टातल्या त्या बाईने शेवटी कबूल केलं की फोनवरून ऐकू. शुक्रवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघी ऑफिसात फोनभोवती बसलो. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्याला एक लहान स्पीकर जोडला होता. न्यायाधीश पुरुष होते, वयस्कर, खोकला झालेला. त्यांनी नाव विचारलं, ॲग्नेसने सांगितलं. मूल परत हवं आहे का, विचारलं. "येस. मला पाहिजे," ती म्हणाली आणि आवाज फिरून परत आला, मला पाहिजे. मग त्यांनी विचारलं, "पत्र तुम्हाला मिळालं होतं?"

"येस."

"मग उत्तर का दिलं नाही?"

"मला वाचता येत नव्हतं."

"कुणाकडून वाचून का घेतलं नाही?"

स्पीकरमधून कागद चाळल्याचा आवाज आला. दुसरा एक पुरुषी आवाज, खात्याचा वकील असावा, म्हणाला की मुलीच्या आईला नोटीस मिळाली होती, तिने पाच महिने काहीही केलं नाही, यातच सारं आलं. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम? तुम्ही कुणाला विचारलं नाहीत का?"

ॲग्नेसचे ओठ हलले. कुणी नाही, एवढंच ती आता म्हणणार होती, आणि तेवढ्यावर सगळं संपणार होतं.

"मी वाचलं," मी म्हटलं. इंग्रजीत, फार मोठ्याने. "तिने मला विचारलं होतं. मी वाचून दाखवलं."

पलीकडून न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी नाव सांगितलं, वय सांगितलं. "तुम्ही तिला काय सांगितलंत?" मी सांगितलं की लूसी चांगली आहे असं सांगितलं. "आणि दुसरं पान?" मी म्हटलं, "वाचलं नाही. मला मॅचला जायचं होतं. मी सांगितलं, ते नुसतं ऑफिसचं आहे. तिने विचारलं होतं. तिने दुसऱ्या पानाचं विचारलं होतं, सर." माझा आवाज फिरून परत आला आणि मी स्वतःला ते म्हणताना पुन्हा ऐकलं. आईकडे बघायची हिंमत नव्हती. तिची बांगडी टेबलावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

न्यायाधीश बराच वेळ खोकले. मग म्हणाले की आज सही होणार नाही. ॲग्नेसला वकील दिला जाईल, नवी तारीख पडेल, पुढचं तेव्हा. खात्याचा वकील काही बोलू लागला, त्याला त्यांनी थांबवलं. फोन बंद झाला. ॲग्नेस उठली, आईचा कोट काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि अंगावरच्या स्वेटरनिशी बाहेर बर्फात निघून गेली.

आई घरापर्यंत माझ्या पुढे चालत होती. दारात बूट काढताना म्हणाली, "पूर्ण वाचलं नाहीस?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "आणि मंगळवारपासून माझ्यासमोर बसून होतीस?" मी म्हटलं, "हो." तिने मला मारलं नाही, रागावली नाही. कुकर लावला, दोन ताटं घेतली, वरणभात वाढला. माझ्याशी ती सोमवारपर्यंत बोलली नाही. सोमवारी म्हणाली, "तिच्याकडे जा. मी येणार नाही."

मी गेले. दाराशी ते लहान बूट होते, त्यांच्यात बर्फ गेला होता. ॲग्नेस मासळी कापत बसली होती, अर्धचंद्राच्या आकाराची सुरी हातात. मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, मग तिच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही असंही म्हटलं. तिने सुरी पुसली. "मला राग आहे," ती म्हणाली. "तुझ्यावर. खूप." मग शेगडीकडे बोट केलं. "चहा आहे. घे." मी चहा घेतला. ती मासळी कापत राहिली. निघताना मी विचारलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?" तिने मासळीचा तुकडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "लहान मूल. लोक नेतात." माझ्याबद्दल म्हणाली की लूसीबद्दल, की इस्पितळात नेलेल्या त्या लहान ॲग्नेसबद्दल, मी विचारलं नाही.

पुढचे चार आठवडे ती वर्गात आली नाही. आई रोज डब्यावरून बोलावत राहिली, आणि आता त्या आवाजात असं काही असायचं की मी पांघरूण कानावर ओढायचे. मग एके दुपारी ॲग्नेस आली, ओला कोट शेगडीपाशी टाकला आणि वकिलाने पाठवलेला कागद टेबलावर ठेवला. सतरा पानं होती. दोघी रोज एक पान वाचायच्या. न समजलेला शब्द ॲग्नेस वहीत लिहून ठेवायची. नदी फुटली, बर्फाचे चिरे कडकडत समुद्राकडे निघाले, रावस आले, आणि त्या वाचत राहिल्या. दोनदा तारीख पडली. शेवटच्या वेळी विमान उतरलं आणि ॲग्नेस स्वतः कोर्टात उभी राहिली. आई बरोबर गेली होती. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "तिने सगळी उत्तरं दिली. मला एक शब्द बोलावा लागला नाही." आणि शेगडीसमोर बसून रडली, तोंडात पदर धरून, पहिल्यांदाच माझ्यासमोर.

लूसी आली ती बेऱ्या पिकायच्या दिवसांत. अर्धं गाव धावपट्टीवर होतं. खात्याची एक बाई आधी उतरली, तिच्या मागे लाल रेनकोट घातलेली, दोन वेण्यांची मुलगी. गावातल्यांना आठवत होती त्यापेक्षा केवढी तरी मोठी. गावातल्या बायका युपिकमध्ये तिला हाका मारू लागल्या, म्हातारी माणसं हसत होती, आणि ती एकेक पाऊल मागे सरकत त्या बाईच्या पायांमागे गेली. तिला एक शब्दही कळत नव्हता. त्या बाईचा कोट ओढत तिने स्वच्छ, शहरी इंग्रजीत विचारलं, "व्हेन आर वी गोइंग होम?"

ॲग्नेस गर्दीतून पुढे आली. मला वाटलं ती आता धावेल, कवटाळेल. ती चारपाच हातांवर थांबली आणि खडीवर गुडघे टेकून बसली, मुलीच्या डोळ्यांना डोळे येतील इतकी खाली. श्वास घेतला, ती शिट्टी मला ऐकू आली. मग तिने एकेक शब्द जुळवून, चूक होऊ नये म्हणून अगदी सावकाश, इंग्रजीत विचारलं, "लूसी. आर यू हंग्री?"

मुलगी विचार करत राहिली. बाईचा कोट तिने सोडला नाही. "अ लिटल," ती म्हणाली.

"मी सूप केलंय," ॲग्नेस म्हणाली आणि हात पुढे केला. मुलीने तो हात धरला नाही. पण ॲग्नेस उठून चालायला लागल्यावर ती मागून चालू लागली, दोन हात अंतर ठेवून, त्या बाईकडे वळून वळून बघत. आई माझ्या शेजारी उभी होती. आम्ही दोघी त्या फळ्यांच्या वाटेवर त्या दोघींना लहान लहान होताना बघत राहिलो. त्यांच्यातलं अंतर घरापर्यंत कमी झालं नाही.